साक्षीदार नंबर सात

विषय : मयत साक्षीदारास कोर्टातील हजेरीतून मुक्त करणेबाबत.
संदर्भ : पैरवी हवालदार देवराव यांचा अर्ज, ऑक्टोबर १९७४.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, लाइट गेलेले आहेत, ते तासाभरात येतील असा कोणताही पुरावा उपलब्ध नाही, आणि तुम्ही सगळे उकाड्यामुळे गच्चीवर आलाच आहात. तर बसा. गोष्ट हवी म्हणता, भुताची हवी म्हणता, आणि वर खरी हवी म्हणता. माझी सगळी नोकरी कोर्टात कारकुनी करण्यात गेली. खऱ्याची मला फारशी सवय नाही, पण ही गोष्ट देवरावनं सांगितलेली आहे, आणि त्यातलं काही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

"आजोबा, भूत कधी येते?" प्रेमिलानं विचारलं. ही आमच्या शेजारची, लॉ कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे, म्हणून घाई.

"येईल ना. तारीख तर पडू दे."

देवराव पैरवी हवालदार होता. हे पद तुला पुस्तकात सापडणार नाही, प्रेमिला. गुन्ह्याचा तपास करणारा वेगळा, आरोपीला पकडणारा वेगळा, काळा कोट घालून भांडणारा वेगळा. पण साक्षीदाराला समन्स देणं, तारखेला त्याच्या घरून उठवणं, व्हरांड्यात आणून बसवणं, चहा पाजणं, आरोपीच्या माणसांच्या नजरेपासून आडोसा धरणं आणि पळून न जाऊ देता पिंजऱ्यापर्यंत पोचवणं, हे सगळं ज्याच्या गळ्यात पडतं तो पैरवी हवालदार. निकालाच्या कागदावर त्याचं नाव नसतं. साक्षीदार फितूर झाला तर मात्र सगळ्यांना त्याचं नाव आठवतं.

देवराव मौद्याहून नुकताच बदलून आला होता. आल्याआल्या त्याच्या हातात एका खुनाच्या खटल्याचे समन्स पडले. पारशिवनीच्या पुढे, पेंचच्या अंगाला एक खेडं आहे, नाव सांगत नाही. तिथे नाल्याचं पाणी कोणाच्या वावरात वळायचं यावरून तंटा झाला, आणि जुन्या मालगुजाराच्या घरातल्या भैय्याजीनं एका शेतकऱ्याला नाल्यातच कुऱ्हाडीनं मारलं. पाहणारी एकच, मेलेल्याची बायको कौशल्या. बाकीचे साक्षीदार पंच, डॉक्टर वगैरे. ती बोलली तर खटला, नाही तर कागद.

आता यात आमच्या हापिसाचा वाटा. आमच्याकडे मुकुंदराव होते, अक्षर मोत्याचं. दोषारोपपत्रावरून साक्षीदारांची नावं उतरवताना मध्ये चहा आला. चहा पिऊन मुकुंदराव परत बसले ते चुकीच्या ओळीवर. त्या ओळीवर मयताचं नाव होतं. तेच त्यांनी सुंदर अक्षरात सातव्या नंबरला लिहिलं, त्यावरून समन्स निघाला, त्यावर शिक्का बसला, साहेबांची सही झाली. साहेब सह्या करताना वाचत नसत. वाचत बसले असते तर सह्या कधी केल्या असत्या?

म्हणजे, ज्याचा खून झाला त्यालाच त्याच्या खुनाच्या खटल्यात साक्षीला बोलावलं.

हसा. आम्हीही हसलो होतो, नंतर.

तर तारीख तेवीस नोव्हेंबर एकोणीसशे त्र्याहत्तर, वार शुक्रवार. दुसऱ्या दिवशी अवस. देवराव सकाळच्या एसटीनं पारशिवनीला उतरला, तिथून भाड्याची सायकल घेतली आणि दोन गावांचे समन्स वाटत वाटत शेवटच्या खेड्यात पोचला तेव्हा अंधार पडला होता. कौशल्येचा समन्स दुसऱ्या शिपायानं आधीच नागपुरात दिलेला होता, कारण नवऱ्यामागे ती इथल्याच इंदोरा वस्तीत भावाकडे राहायला आली होती. उरला होता एकच कागद. साक्षीदार नंबर सात, धोंडबा. खटला कशाचा हे देवरावला माहीत होतं. मेला कोण, हे त्यानं अजून वाचलेलं नव्हतं. त्याच्याजवळ असे खटले आणखीही होते, आणि मेलेल्यांकडे पैरवी हवालदाराचं काही काम नसतं.

घर वस्तीच्या टोकाला, नाल्याकडे तोंड करून होतं. शेजारी एकच घर, त्यात चूल पेटलेली.

रिवाज असा की दारात उभं राहून तीनदा नाव पुकारायचं. कोणी आलं तर कागद हातात द्यायचा. नाही आलं तर दाराला खळीनं चिकटवायचा, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि निघायचं. देवरावनं सायकल भिंतीला टेकवली, घसा साफ केला.

"धोंडबाऽऽ! हाजीर आहे का?"

शेजारच्या घरात बोलणं चाललं होतं, ते थांबलं.

"धोंडबाऽऽ!"

शेजारच्या घरातला दिवा विझला.

देवरावला वाटलं, पोलिसाला भ्यायले. हे नेहमीचंच. त्यानं तिसऱ्यांदा हाक दिली.

"धोंडबाऽऽ! कोर्टाचं बोलावणं आहे!"

मग आतून आवाज आला. झोपेतून उठलेल्या माणसाचा. दिवसभर वावरात राबून आलेल्याचा.

"हं... कोन हाय?"

"समन्स आहे गा. दार उघड."

"...कोनती तारीख?"

"अकरा डिसेंबर. सकाळी अकराले. सेशन कोर्ट, नागपूर."

आत कोणी कूस बदलावी तशी बाज करकरली.

"कौशल्या येऊन राहिली का?"

"हो. तिलेही समन्स आहे."

शांत.

"...मंग येतो."

देवराव म्हणाला, "सही कर अन् मंग झोप बापा, मले एसटी आहे." आतून काही नाही. तो म्हणाला, "अंगठा दे." काही नाही. तेव्हा त्यानं वाकून कागद दाराखालून सरकवला. अर्धा आत गेला, अर्धा बाहेर राहिला. उठताना त्यानं टॉर्च लावली.

दाराला कुलूप होतं.

बाहेरून.

गंजलेलं. कडीवर कोळ्यानं जाळं विणलेलं.

टॉर्च खाली गेली. कागदाचा अर्धा तुकडा उंबऱ्यावर दिसत होता...

तो हलला.

हळूच...

आत गेला.

देवराव सायकलवर कधी बसला, त्याला आठवत नाही. सडकेवर पानठेल्याचा कंदील दिसला तेव्हा तो थांबला. ठेलेवाल्यानं विचारलं, "कोनाकडं गेलते हवालदार?"

"नाल्याकडं. धोंडबाच्या घरी."

ठेलेवाल्यानं हातातलं पान खाली ठेवलं.

"काहून गा? त्याले तर पावसाळ्यातच मारलं ना. त्याचाच तर खटला आहे तुमचा!"

दुसऱ्या दिवशी देवराव माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा असा, की उपास आणि जागरण एकाच दिवशी आलं असावं.

"बाबूजी, नंबर सातची बजावणी झाली."

मी यादी पाहिली, आणि मला हसू आवरेना. "अरे, हा तर मयत आहे! घेतला कोणी?"

"त्यानंच घेतला."

"सही?"

"नाही केली. थकला होता."

मी मुकुंदरावांना चूक दाखवली. ते म्हणाले, दुरुस्ती करायची तर साहेबांपुढे टिपणी ठेवावी लागेल, टिपणी ठेवली की खुलासा द्यावा लागेल, खुलासा दिला की वेतनवाढ थांबेल. "राहू द्या हो. मेलेला माणूस कुठे तक्रार करणार आहे?"

यादी तशीच राहिली.

"म्हणजे नुसतं नाव राहिलं," प्रेमिला म्हणाली. "त्यात काय?"

त्यात हे, की समन्स लागलेल्या साक्षीदाराला कोर्टानं सोडल्याशिवाय जाता येत नाही. तुझ्या पुस्तकात आहे ते, पाहून घे.

अकरा डिसेंबरला देवरावनं कौशल्येला आणलं. तिशीची बाई, नऊवारी, कपाळ मोकळं, हात विडीच्या तंबाखूनं पिवळे. व्हरांड्यातल्या बाकावर बसून थरथरत होती. समोर भैय्याजीची माणसं उभी, पान चघळत. देवराव तिला शिकवत होता. हे त्याचं रोजचं. "हे पाहा बाई, वकील आवाज चढवन. चढवू दे. त्याले त्याचेच पैसे भेटतात. तू जजसाहेबाकडं पाहून बोलाचं. नाही समजलं तं म्हनाचं, नाही समजलं जी, फिरून इचारा. अन् पाहिलं तेवढंच सांगाचं, एक शब्द जास्त नाही."

पुकारा झाला. कौशल्येचं नाव, मग पंच, मग डॉक्टर. मग शिपायानं यादीत होतं तसं ओरडून घेतलं, "साक्षीदार नंबर सात, धोंडबाऽऽ!"

मी दारातच होतो. कोणी आलं नाही. पण कौशल्येनं काय केलं, सांगू? ती बाकावर बाजूला सरकली. बाजारहाटाच्या गर्दीत आपलं माणूस आलं की बाई सरकून जागा करते, तशी. आणि तिचं थरथरणं थांबलं.

त्या दिवशी आरोपीच्या वकिलांना ताप होता. पुढची तारीख. त्या तारखेला साहेब रजेवर होते. त्याच्या पुढची, त्या दिवशी जामिनावर सुटलेल्या भैय्याजीची जीप बिघडली. मग एकदा संप झाला. तारीख म्हणजे आमच्याकडचा एक स्वतंत्र ऋतूच आहे, तो बाराही महिने असतो. प्रत्येक वेळी देवराव तिला इंदोऱ्याहून आणायचा, संध्याकाळी नेऊन सोडायचा. प्रत्येक वेळी ती बाकावर एका माणसाची जागा सोडून बसायची.

फेब्रुवारीच्या तारखेला भैय्याजीचा एक माणूस धीट झाला. जाड मिशांचा. येऊन त्या रिकाम्या जागेवरच टेकला, तिच्या कानाशी बोलायला. भर दुपार. व्हरांड्यात पन्नास माणसं. तो टेकला... आणि तसाच उठला. चेहरा पांढरा. धोतराचा मागचा भाग हातानं चाचपून पाहत होता. मी पाहिलं, धोतर चिंब भिजलेलं, चिखलानं माखलेलं. नाल्यातून काढावं तसं.

"इथं... कोन बसलं आहे?" तो पुटपुटला.

कौशल्या समोर पाहत राहिली.

त्यानंतर ती माणसं आवाराबाहेरच्या कडुलिंबाखाली उभी राहू लागली.

देवरावनं एकदा धीर करून तिला विचारलंच. ती म्हणाली, "आमी छप्पनसाली दीक्षा घेतली जी. भूतखेत मानत नाही आमी."

"मंग?"

"भूत नाही मानत. नवरा ओयखतो."

पण बाईही माणूसच. जूनमध्ये ती खचली. देवराव सकाळी आणायला गेला, तर ती चुलीपाशी बसून. रात्री कोणीतरी भावाच्या दाराला कुऱ्हाड टेकवून गेलं होतं. नुसती टेकवून. पात्याला हळदकुंकू.

"मी नाही येत जी," ती म्हणाली. "किती वेळा याचं? मानूस तं गेलाच. आता भावाचं घर कायले घालवू? भैय्याजीले म्हना, सुटून जाय. थकली मी."

भावजय म्हणाली, "बरोबर आहे तिचं. तुमी पोलीस लोक संध्याकाळी घरी जाता. आमाले इथंच राहाचं आहे."

देवराव उंबऱ्यावर बसून राहिला. त्या खटल्यात एक जीव गेला होता, आणि तो कसा गेला हे सांगणारं तोंड हे एकच होतं. पण तिला चाल म्हणायचं कोणत्या तोंडानं?

कौशल्या भांड्यांचं पाणी फेकायला दारात गेली. पाणी फेकलं, आणि गल्लीकडे पाहत उभीच राहिली. बराच वेळ. मग आत आली, हात पुसले, पदर डोक्यावर घेतला.

"चाला."

"काहून वं? आत्ताच तं म्हनली..."

"थे निंघाले पुढं," ती म्हणाली. "एकटे कसे जाऊ देऊ?"

देवराव गल्लीत आला. गल्ली रिकामी होती. कडक ऊन. धुळीत ओल्या पावलांची एक रांग, वळणापर्यंत. वाळत चाललेली.

त्याच दिवशी साक्ष झाली. साहेब हजर, वकील हजर, जीप हजर, असा योग. कौशल्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि पाहिलं तेवढं बोलली. एक शब्द जास्त नाही. वकिलांनी दोन तास उलटतपासणी घेतली. अंधार होता. होता जी. मग दिसलं कसं? कंदील होता, त्यायच्याच हातात. घाबरलेली होतीस. होती जी. मग ओळखलं कसं? आवाजावरून जी. भैय्याजीनं नाव घेऊन हाक मारली त्यायले, पानी सोड म्हनून.

शेवटी वकील चिडले. "साहेबांकडे पाहून बोल. घडीघडी दाराकडे काय पाहतेस? बाहेरून कोण पढवतंय तुला?"

"कोनी नाही जी. साक्षीदार उभे आहेत."

"कोण साक्षीदार?"

"नंबर सात," कौशल्या म्हणाली. "त्यायची साक्ष व्हायची आहे अजून. आत येता येत नाही ना त्यायले."

नियम बरोबर होता. ज्याची साक्ष व्हायची आहे त्यानं आत बसायचं नसतं. वकिलांनी यादी ओढली. सातव्या नंबरावर बोट ठेवलं. नाव वाचलं. बोट तिथेच राहिलं...

आरोपीच्या जागी भैय्याजी उभा होता. तो दाराकडे पाहत नव्हता. दार सोडून सगळीकडे पाहत होता.

"एवढं लिहू नका," साहेब स्टेनोला म्हणाले. "पुढे चला."

वकील म्हणाले, पुढे काही विचारायचं नाही.

भैय्याजीला जन्मठेप झाली. सप्टेंबरात निकाल. भावाच्या दाराला पुन्हा कुऱ्हाड टेकली नाही. देवरावला वाटलं, सुटलो. तो कौशल्येला निकाल सांगायला गेला. तिनं ऐकून घेतलं, रडली नाही. म्हणाली, "माहं झालं जी. त्यायले कवा सोडता?"

"कोनाले?"

"सरकारी वकिलानं बाकीच्या साक्षीदारायले सोडलं म्हनून लिहून देलं, तुमीच सांगितलं ना. त्यायचं नाव लिहिलं का?"

लिहिलं नव्हतं. मेलेल्या माणसाला सोडलं असं लिहायचं, तर तो बोलावला कसा हे लिहावं लागलं असतं. म्हणून सरकारी वकिलांनी नंबर सहावरून थेट आठवर उडी मारली होती.

"तिथंच बसून आहेत थे," कौशल्या म्हणाली. "बोलावलं म्हनून आले. जा म्हटल्याबिगर जानार नाही. साधा मानूस होता जी, कोर्टाले लय भ्यायचा. घरी जाऊ द्या ना त्यायले. थकले."

देवरावनं माझ्याकडून अर्ज लिहवून घेतला. मी चांगला लिहिला, उगाच विनय कशाला. साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि कोपऱ्यात लिहिलं, 'बोला.' मी बोललो. मग लिहिलं, 'नियम दाखवा.' तसा नियम नव्हता. पुढच्या साहेबांनी मृत्यूचा दाखला मागितला, तो खटल्याच्या फायलीत, फाईल हायकोर्टात अपिलात. अपील फेटाळलं गेलं, फाईल परत आली, तेव्हा तिसऱ्या साहेबांनी विचारलं, अर्जदार हवालदाराचा या इसमाशी संबंध काय. मुक्तता हवी असल्यास साक्षीदाराने स्वतः हजर राहून अर्ज करावा. देवराव मला म्हणाला, "हजरच तं आहे ना बाबूजी." हे काही शेऱ्यात लिहिता येईना.

देवराव ब्याऐंशीत वारला. मी चौऱ्याऐंशीत निवृत्त झालो. कौशल्या दर दिवाळीनंतर माझ्या घरी येते. चहा घेते, जास्त बोलत नाही.

"झालं का जी?"

"नाही वं बाई."

"बरं," म्हणते आणि जाते.

गेल्या महिन्यात पेन्शनच्या कामानं सकाळीच कोर्टात गेलो होतो. दारं अजून उघडायची होती. झाडूवाली मीराबाई व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभी राहून कोणाला तरी शिव्या देत होती. मी विचारलं, काय झालं. तिनं झाडूनं दाखवलं. भिंतीशी लिंबाची दातून पडलेली होती. खेड्यातली माणसं तारखेच्या आदल्या रात्री येऊन व्हरांड्यात झोपतात आणि सकाळी दात घासून फेकतात, तशी.

"रात्री फाटकाले मीच कुलूप लावतो बाबूजी, अन् सकाळी मीच काढतो. आत कुत्रं नसते. अन् रोज एक. सुट्टीच्या दिवशीही."

मी वाकून पाहिलं. टोक चावून चावून कुंचल्यासारखं झालेलं.

ओलं होतं.

...

बसा, बसा. लाइट आले म्हणून उठू नका, थोडंच राहिलं आहे. प्रेमिला, पुढे वकील झालीस तर चौकशी कर. निकाली खटल्यांच्या रेकॉर्डात, वरून तिसरा कप्पा. मी त्याच दिवशी रेकॉर्ड कीपरला विचारून आलो. त्यानं रजिस्टर पाहून सांगितलं.

सदर अर्ज आजमितीस प्रलंबित आहे.